कड्याच्या कपारीतली घरं : आरव्ही घेऊन मेसा व्हर्डेला निघालात? आधी हे वाचा

भारतातून आई-बाबा अमेरिकेत यायचे असले की उन्हाळ्याची आणि आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, आखणी सुरू होते. ग्रँड कॅनियन होतं, लास वेगास होतं, आणि मग कुणीतरी कड्याच्या पोटात बांधलेल्या दगडी गावाचा फोटो पाठवतं. त्यानंतर जे प्रश्न येतात, ते बहुतेक हेच.

ही घरं नेमकी कुठे आहेत आणि कुणाची?

कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे एका बिंदूत भेटतात, त्याच्या चहूबाजूंना. त्यातला सगळ्यात मोठा ऐवज कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॉर्टेझ गावाजवळच्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात आहे. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत हे उद्यान झालं आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. उद्यानाच्या हद्दीत जवळपास पाच हजार पुरातत्त्वीय जागा आहेत. त्यातली कड्यातली घरं सहाशेच्या आसपास, आणि त्यांतही बहुतेक अगदी लहान, एक ते पाच खोल्यांची. फोटोत दिसतो तो क्लिफ पॅलेस अपवादच म्हणायचा. तिथे सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा, म्हणजे विधींसाठी जमिनीत बांधलेल्या गोल खोल्या, आहेत.

घरं बांधली ती आजच्या प्वेब्लो या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी. होपी, झुनी, आकोमा, ताओस आणि रिओ ग्रांदे नदीकाठची इतर गावं ही त्यांची वंशज. ‘नाहीशी झालेली संस्कृती’ वगैरे माहितीपटांत ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. माणसं गेली नाहीत, त्यांनी गाव बदललं.

जुन्या पुस्तकांत आणि पाट्यांवर ‘अनासाझी’ असा उल्लेख दिसेल. तो नावाहो या शेजारच्या मूलनिवासी लोकांच्या भाषेतला शब्द आहे आणि प्वेब्लो लोकांना तो आपल्या पूर्वजांसाठी रुचत नाही. ‘पूर्वज प्वेब्लो’ म्हणा.

म्हणजे अजिंठ्यासारखंच ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो. नाही, उलटंच. अजिंठ्यात कातळ खोदून पोकळी केली. इथे पोकळी निसर्गाची आहे आणि तिच्या आत दगड रचून, मातीचा गिलावा देऊन घरं उभी केली आहेत. शिवाय अजिंठा भिक्षूंचा होता. इथे संसार होते. दळण, चूल, धान्याच्या कोठ्या, पाळलेल्या टर्की, अंगणात खेळणारी मुलं.

पोकळी कशी झाली हे समजून घेतलंत, तर बाकीचं बरंच उलगडतं. पठाराचा वरचा थर वालुकाश्माचा आहे. त्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी मुरत खाली जातं. खाली शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या दगडाचा, घट्ट थर लागला की ते अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी पाझरतं. थंडीत हेच पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हजारो वर्षं असं झाल्यावर कमान तयार होते. म्हणजे ज्या पाझराने कपार कोरली, तोच घराच्या मागच्या भिंतीशी प्यायचं पाणी देत होता. क्लिफ पॅलेस जिथे आहे तिथेच का आहे, याचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

एक अपवाद सांगायला हवा. न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियरला ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ दगड आहे. तिथे लोकांनी खरोखरच कडा खोदून खोल्या केल्या.

इतक्या अडचणीच्या जागी कशाला राहायचं?

खरं तर बहुतेक काळ ते तिथे राहत नव्हतेच. मेसा व्हर्डेत वस्ती सुमारे इ.स. ५५० पासून १३०० पर्यंत होती. या साडेसातशे वर्षांत बहुतेक काळ लोक पठारावर राहिले, आधी जमिनीत अर्धवट खोदलेल्या खड्डाघरांत आणि नंतर दगडी वाड्यांत. मका, घेवडा आणि भोपळा पिकवायची शेतं वरच होती. कपारीत ते उतरले ११९० नंतर, आणि १३०० उजाडायच्या आत निघूनही गेले. जास्तीत जास्त तीन-चार पिढ्यांचा मामला.

का उतरले याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पाझराचं पाणी, हिवाळ्यात तिरकं आत येणारं ऊन आणि उन्हाळ्यात मिळणारी सावली ही एक बाजू. भीती ही दुसरी. त्या परिसरातल्या काही गावांच्या उत्खननात तेराव्या शतकातल्या हिंसाचाराच्या खुणा सापडल्या आहेत. बाल्कनी हाउस या कपारीतल्या घराचा निमुळता बोगदा पाहिलात की बांधणाऱ्याला येणारा माणूस एकेकटा आणि वाकून यायला हवा होता, असंच वाटतं.

शेताला जायला मात्र कड्याच्या तोंडावर कोरलेल्या खोबणींत हातापायाची बोटं रुतवून वर चढावं लागे. पाठीवर मक्याची टोपली, पायात युकाच्या धाग्यांच्या चपला.

मग सोडून का गेले?

इथे झाडांनी साक्ष दिली आहे. छताच्या तुळयांमधली वर्तुळं मोजून कुठलं लाकूड कुठल्या साली तोडलं ते सांगता येतं. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १९२९ मध्ये ॲरिझोनात सापडलेल्या एका जळक्या तुळईच्या आधाराने प्राचीन आणि अर्वाचीन कालगणनेतला तुटलेला दुवा जोडला, आणि एका रात्रीत नैर्ऋत्येतल्या कितीतरी गावांना सनावळी मिळाली. याच वर्तुळांत १२७६ ते १२९९ हा मोठा दुष्काळ दिसतो.

पण दुष्काळ एकटाच जबाबदार धरू नका. हे लोक आधीचे अनेक दुष्काळ पचवून तिथेच राहिले होते. या वेळी दमलेली जमीन, घटलेली जंगलं, वाढलेली भांडणं आणि दक्षिणेकडे आधीच गेलेल्या नातेवाइकांचं बोलावणं हे सगळं एकदम आलं. प्वेब्लो वंशजांना विचारलंत तर ते स्थलांतराकडे संकट म्हणून पाहतच नाहीत. त्यांच्या परंपरेत चालत राहणं हा प्रवासाचा भागच आहे.

ही घरं ‘शोधली’ कुणी?

पुस्तकी उत्तर असं : १८ डिसेंबर १८८८ रोजी रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन हे मँकोस खोऱ्यातले गुरं पाळणारे दोघे चुकलेली गुरं हुडकत होते, तेव्हा त्यांना समोरच्या कड्यात क्लिफ पॅलेस दिसला. पण अशी मोठी घरं आहेत हे त्या भागातल्या युट या मूलनिवासी लोकांना ठाऊक होतं आणि वेदरिलला ते एका युट माणसानेच सांगितलं होतं. १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने अजिंठा ‘शोधला’ म्हणतात, तसलाच हा शोध.

त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड हा तरुण स्वीडिश अभ्यासक आला. त्याने त्या काळाच्या मानाने नेटकं उत्खनन केलं आणि वस्तूंची खोकी आगगाडीत चढवली. दुरँगोत त्याला अटक झाली, पण त्याने मोडला असा कायदाच नव्हता, त्यामुळे सुटला. तो संग्रह शेवटी फिनलंडला पोहोचला. त्यातले मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि वंशजांनी त्यांचं पुन्हा दफन केलं. पुरावस्तूंच्या संरक्षणाचा अमेरिकी कायदा १९०६ चा. मेसा व्हर्डे वाचवण्यासाठी व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि ल्युसी पीबडी या दोन बायकांनी वर्षानुवर्षं जी धडपड केली, तिचा उल्लेख गाइड घाईत गाळतात. तुम्ही विचारा.

आरव्ही थेट घरांपर्यंत जाते का?

जाते, पण सगळीकडे नाही. इथेच बहुतेकांचं नियोजन फसतं.

महामार्ग १६० सोडून उद्यानात शिरलात की लगेच घाट सुरू होतो. चढ, वळणं, एक बोगदा, आणि प्रवेशद्वारापासून मुख्य घरांपर्यंत पाऊण ते एक तास. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर तो मोरफील्ड कँपग्राउंडच्या पुढे नेता येत नाही. तिथे किंवा प्रवेशद्वाराजवळच्या वाहनतळावर सोडून फक्त गाडी पुढे न्यायची. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेली मोटरहोम असेल तर ती चॅपिन मेसाला, म्हणजे क्लिफ पॅलेस आणि बाल्कनी हाउसच्या बाजूला, नेता येते. (मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार.)

वेदरिल मेसाचा रस्ता वेगळा. तिथे २५ फुटांपेक्षा लांब किंवा ८,००० पौंडांपेक्षा जड वाहनाला बंदी आहे. लोक फूटपट्टी लावतात आणि ‘आमची तर बरोबर पंचवीस’ म्हणून खूश होतात. भाड्याने मिळणारी छोटी मोटरहोमसुद्धा वजनात बहुतेक वेळा अडकतेच. लाँग हाउस आणि स्टेप हाउस ही तिकडची घरं पाहायची असतील तर सोबत साधी कार हवी. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर एक आरव्ही आणि एक कार हा माझ्या मते सर्वांत शहाणा बेत आहे.

उतरताना खालचा गिअर वापरा, ब्रेक दाबून धरू नका. मागे गाड्यांची रांग लागली तर कडेच्या थांब्यावर घ्या आणि जाऊ द्या. डिझेल किंवा पेट्रोल कॉर्टेझ अथवा मँकोसलाच भरून घ्या.

रात्री मुक्काम कुठे?

उद्यानातच, मोरफील्डला. प्रवेशद्वारापासून चार मैलांवर, अडीचशेहून जास्त जागा. वीज-पाणी-सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेल्या जागा मात्र फक्त १५, त्या लवकर संपतात. बाकीच्या ठिकाणी आरव्ही उभी करता येते, पण टाकी भरलेली आणि बॅटरी चार्ज हवी. टाक्या रिकाम्या करायची सोय, अंघोळीची आणि धुलाईची सोय आहे.

संध्याकाळी हरणं अगदी दारात येतात. आईला कौतुक वाटेल, पण पोळीचा तुकडा टाकू देऊ नका.

तिकिटं कशी काढायची?

प्रवेशशुल्क वेगळं आणि घरात जाण्याचं तिकीट वेगळं. वार्षिक पास असला तरी त्यात फक्त प्रवेश भागतो. (तो पास २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि परदेशातून येणाऱ्यांना २५० डॉलर आहे.)

क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस आणि लाँग हाउस या तिन्हींत रेंजरशिवाय, म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्याशिवाय, पाऊल टाकता येत नाही. तिकिटं सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर १४ दिवस आधी, माउंटन टाइमनुसार सकाळी ८ वाजता खुली होतात. दर माणशी ८ डॉलरच्या आसपास. हंगामात ती भराभर संपतात, म्हणून खातं आधीच उघडून ठेवा. पुण्यात बसलेल्या भाच्याला काम सांगणार असाल तर उन्हाळ्यात तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दरवर्षी सगळ्याच टूर चालू असतात असं नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाचं संकेतस्थळ पाहा. तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा, वर सिग्नलचा भरवसा नाही. आणि टूर सकाळी ९ ची असेल तर प्रवेशद्वारावर ९ ला पोहोचून चालणार नाही, वरचा तासभराचा घाट आठवा.

आई-बाबांना शिड्या जमतील का?

गुडघ्यांवर आणि भीतीवर अवलंबून आहे, वयावर कमी. क्लिफ पॅलेसला ओबडधोबड दगडी पायऱ्यांनी उतरायचं आणि छोट्या लाकडी शिड्यांनी वर यायचं. रोज पर्वती चढणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ते जमून जातं. बाल्कनी हाउस मात्र दुसरंच प्रकरण आहे. सुरुवातीलाच ३२ फुटी शिडी, उघड्या कड्यावर. पुढे १२ फूट लांब आणि १८ इंच रुंद बोगद्यातून रांगत जायचं. ज्यांना उंचीची किंवा बंद जागेची भीती वाटते, त्यांना आग्रह करू नका. मध्येच परत फिरणं कठीण असतं आणि मागे सगळा गट ताटकळतो.

दुसरी बाब उंचीची. हे पठार समुद्रसपाटीपासून ७,००० ते ८,५०० फूट उंचीवर आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या आणि पहिल्या दिवशी शिड्या ठेवू नका.

शिड्या नकोतच, तरी निराश व्हायचं कारण नाही. मेसा टॉप लूप या सहा मैलांच्या रस्त्यावर खड्डाघरांपासून वाड्यांपर्यंतचा सगळा क्रम गाडीतून उतरत-चढत पाहता येतो. सन टेंपलच्या थांब्यावरून दरीपलीकडचा क्लिफ पॅलेस जसा दिसतो तसा आत जाऊनही दिसत नाही. दुपारनंतर जा, ऊन त्याच्यावर पडतं. स्प्रूस ट्री हाउस दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे २०१५ पासून बंद आहे, पण संग्रहालयाजवळून छान दिसतं.

लहान मुलं?

शिडी स्वतः चढता येणारी मुलं रमतात. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या बाळपिशवीत घ्यावं लागतं, हात मोकळे हवेत. बाबागाडीचा उपयोग नाही. उद्यानाची मुलांसाठीची ज्युनियर रेंजर पुस्तिका आधी घ्या, मुलं तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतील.

आत गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

पहिली नजर उंच मनोऱ्यांवर जाते. ती खाली आणा. जमिनीत गोल विहिरीसारखे खड्डे दिसतात ते किवा. त्यांवर एके काळी सपाट छप्पर होतं, तेच वरचं अंगण. छपराच्या चौकोनी भोकातून शिडीने आत उतरायचं आणि त्याच भोकातून धूर बाहेर. भिंतीत हवेचा उभा झरोका, त्यासमोर एक बुटकी आडभिंत, मग आगटी. थंड हवा खाली येते, आडभिंतीला थटून दुभंगते, आग विझत नाही आणि धूर वर ढकलला जातो. आगटीपलीकडे जमिनीत एक छोटं गोल छिद्र असतं, सिपापू. पूर्वज पाताळातून या जगात वर आले, त्या वाटेची ती खूण. आजही प्वेब्लो गावांत किवा वापरात आहेत आणि तिथे परक्यांना प्रवेश नसतो. तेव्हा इथला उघडा किवा पाहताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा.

मग भिंतीच्या सांध्यांत डोकवा. मोठ्या दगडांमधल्या मातीत बारीक चिपा ठोसलेल्या असतात, आणि त्या ओल्या मातीत कुठेकुठे बोटांचे ठसे आहेत.

हात लावला, एखादं खापर उचललं तर?

नाही. भिंतीला टेकायचंही नाही. काळ्या-पांढऱ्या नक्षीचं खापर पायवाटेवर सहज दिसतं आणि खिशात घालायचा मोह होतो. तो गुन्हा आहे, दंडाचा आणि कैदेचाही. आत फक्त पाणी न्यायचं, खाऊ नाही. ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत बंद आहेत.

मेसा व्हर्डेसोबत आणखी कुठे जाता येईल?

दक्षिणेला उतरलात की कॅनियन डी शे. नावाहो भूमीत आहे, आणि दरीच्या तळाशी आजही नावाहो कुटुंबं शेती करतात. प्रवेश फुकट, कड्यावरचे रस्ते आरव्हीला सोपे. खाली उतरायचं तर नावाहो वाटाड्या हवाच.

पुढे कायेंटाच्या बाजूला नावाहो नॅशनल मॉन्युमेंट. तिथलं बेटाटाकिन एका प्रचंड कमानीखाली आहे. कँपिंगही फुकट, पण जागा लहान वाहनांच्या सोयीच्या. मला स्वतःला ही जागा मेसा व्हर्डेपेक्षा जास्त भावते, कारण गर्दी नसते.

फ्लॅगस्टाफजवळ वॉलनट कॅनियन. १८५ फूट खाली पायऱ्या उतरून तुम्ही थेट खोल्यांच्या दाराशी जाता. परत चढायचं विसरू नका. तिथून दक्षिणेला ५० मैलांवर माँटेझुमा कॅसल. पाच मजले, वीस खोल्या, आणि खालून डांबरी पायवाट. व्हीलचेअरवरून पाहता येण्यासारखं हे सर्वांत चांगलं ठिकाण. आत १९५१ पासून कुणाला सोडत नाहीत. माँटेझुमा या ॲझ्टेक सम्राटाचा या घराशी काडीचा संबंध नाही, नाव पहिल्या गोऱ्या वसाहतकारांनी ठोकून दिलं. वॉलनट कॅनियन आणि हे, दोन्ही ठिकाणं सिनाग्वा या प्राचीन मूलनिवासी लोकांची.

सगळं एका आठवड्यात बसवू नका. मेसा व्हर्डेला दोन रात्री आणि पुढे यातली दोन ठिकाणं पुरेत.

कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ पण अशी घरं आहेत म्हणे?

मॅनिटू क्लिफ ड्वेलिंग्ज. दगड खरे, जागा खोटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दूरवरच्या पडक्या घरांचे दगड आणून ती पर्यटकांसाठी रचली. मुलांना हवं तिथे चढता येतं एवढाच फायदा. तेवढं पाहून ‘झालं आमचं’ म्हणू नका.

घड्याळाचा काय घोळ आहे?

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्यातला नावाहो प्रदेश करतो. आणि नावाहो प्रदेशाच्या पोटात असलेला होपी प्रदेश करत नाही. सकाळच्या प्रवासात फोन तीनदा वेळ बदलतो. टूर ठरवताना ‘तुमच्याकडे आत्ता किती वाजले’ हे विचारून घ्या.

जायचं केव्हा?

मे आणि सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाट आणि वीज असते, उघड्या पठारावर अशा वेळी थांबू नये. हिवाळ्यात बर्फ, आणि घरांच्या टूर बंद. वाटेत मैलच्या मैल जळकी झाडं दिसतील. २००० आणि २००२ च्या वणव्यांतली ती. पिन्यन आणि जुनिपरचं जंगल पुन्हा उभं राहायला शतकं लागतात.

खाण्यापिण्याचं?

आरव्हीत स्वयंपाकघर आहे, मग काळजी कसली. किराणा कॉर्टेझला भरा. एक सूचना : नावाहो भूमीत दारू विकायला आणि बाळगायलाही बंदी आहे. फ्रिजमधली बिअर त्याआधी संपवा किंवा घेऊच नका.

आजच्या प्वेब्लो गावांत जाता येतं का?

जाता येतं, आणि जायला हवं. न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो गावं आहेत. ताओसची मातीची बहुमजली घरं अजून वसलेली आहेत. आकोमा कड्याच्या माथ्यावर आहे, तिथे स्थानिक वाटाड्यासोबतच वर जाता येतं. फोटोंचे नियम गावागणिक वेगळे. कुठे परवाना लागतो, होपी गावांत तर फोटो आणि रेखाटनं दोन्ही मना आहेत. धार्मिक विधी असले की गाव बाहेरच्यांसाठी बंद होतं, कधी दिवस-दोन दिवस, कधी आठवडेच्या आठवडे. निघण्यापूर्वी फोन करा, आणि आरव्ही खालच्या वाहनतळावरच राहील असं धरून चाला.